एकाच दिवशी स्प्रिंट आणि वजने: शंभर मीटरची तयारी करणाऱ्यांसाठी वेळापत्रक

पहाटे ग्राउंडवर धावायचे आणि संध्याकाळी जिममध्ये वजने उचलायची, असा दिनक्रम असणारी मुले-मुली आज महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात. त्यांतली काही जिल्हा स्पर्धांसाठी शंभर आणि दोनशे मीटरचा सराव करत असतात, बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मात्र पोलीस भरती असते. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा, तर मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असतो. म्हणजे वेग, दम आणि ताकद ही तिन्ही एकाच शरीराकडून मागितली जातात. मेहनतीला ही मुले कुठेच कमी पडत नाहीत. चूक होते ती आठवड्याच्या मांडणीत. सोमवारी जिममध्ये पाय, मंगळवारी पहाटे स्प्रिंट, बुधवारी पुन्हा पाय, गुरुवारी पुन्हा स्प्रिंट असे चालले की सहाही दिवस जड जातात आणि एकाही दिवशी पाय ताजे मिळत नाहीत.

धावणे आणि वजने वेगवेगळ्या दिवशी ठेवली तर दोन्हींना न्याय मिळेल, असे वरवर पाहता वाटते. पण दोन्हींचा भार एकाच ठिकाणी पडतो: मांड्या, नितंब, कंबर आणि या सर्व स्नायूंना हुकूम देणारी मज्जासंस्था. जड स्क्वॉटनंतर (म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारलेल्या बैठकांनंतर) पायांत भरणारी ठणक साधारणपणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त जाणवते, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी उचललेल्या वजनांचा हिशेब मंगळवार-बुधवारच्या धावण्यात चुकवावा लागतो. पूर्ण वेगाने धावल्यावर किंवा जड वजने उचलल्यावर शरीर पूर्ववत होण्यास सुमारे ४८ तास लागतात, असे धरून चालावे. दोन्ही कामे एकाच दिवशी उरकली तर हे ४८ तास एकदाच मोजावे लागतात आणि दुसरा दिवस खरोखर हलका ठेवता येतो. जड दिवस जडच असावा आणि हलका दिवस हलकाच असावा, या एका नियमावर पुढची सगळी मांडणी उभी आहे.

ही पद्धत नवी नाही. कॅनडाचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी १९८० च्या दशकात आपल्या धावपटूंसाठी आठवड्याची विभागणी अशाच जड आणि हलक्या दिवसांत केली होती, आणि स्प्रिंट व वजने ते एकाच दिवशी घेत असत. त्यांचा शिष्य बेन जॉन्सन याचे १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमधले शंभर मीटरचे सुवर्णपदक उत्तेजक द्रव्यांमुळे काढून घेण्यात आले, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून त्या गटाच्या वजनांचे आणि सेटचे आकडे कुणीही आपल्या वहीत उतरवून घेऊ नयेत. औषधांच्या आधाराने झेपणारा व्यायाम भाकरी-उसळीवर झेपत नाही. दिवसांच्या विभागणीचे तत्त्व मात्र निर्दोष आहे आणि ते साध्या खेळाडूलाही तितकेच लागू पडते.

हा नियम मी स्वतः दुखापत करून घेऊन शिकलो. एका निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी जिममध्ये जाऊन रोमेनियन डेडलिफ्ट, म्हणजे गुडघे किंचित वाकवून कमरेतून पुढे झुकत बार खालीवर नेण्याचा व्यायाम, मारले, कारण तो आठवड्याचा ‘मागच्या मांडीचा वार’ होता आणि वार चुकवणे मला आळशीपणाचे वाटत होते. सकाळी चालताना काहीच जाणवले नाही. शर्यतीत साधारण साठ मीटरनंतर, पूर्ण वेगात असताना, मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारावा तसा झटका बसला आणि पुढचे काही मीटर मी एका पायावर उड्या मारत गेलो. त्यानंतरचे सहा आठवडे ग्राउंड बंद झाले. पाय जमिनीवर टेकण्याच्या क्षणभर आधी, पुढे फेकलेली पोटरी आवरून धरताना मांडीचा मागचा स्नायू लांबलेल्या अवस्थेत सर्वाधिक ताण सोसत असतो. आदल्या संध्याकाळी मी त्याच स्नायूला त्याच अवस्थेत थकवून ठेवले होते.

आधी ग्राउंड, मग जिम

शंभर मीटरची वेळ कमी करणे हे ध्येय असेल तर धावणे आधी आणि वजने नंतर, हा क्रम पक्का समजावा. पूर्ण वेगात पाय जमिनीवर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच वेळ टिकतो आणि तेवढ्यात शरीराचे वजन पुढे फेकण्याइतका जोर लावायचा असतो. हे काम ताज्या स्नायूंचे आणि ताज्या मेंदूचे आहे. थकलेल्या पायांनी धावल्यास वेग तर मिळत नाहीच, शिवाय गुडघे खाली राहतात, पावले शरीराच्या पुढे पडू लागतात आणि तीच लकब अंगवळणी पडते. याउलट, धावून झाल्यावर स्क्वॉटमध्ये पाच-दहा किलो कमी उचलले गेले तरी ताकद वाढण्याचे काम अडत नाही. शिवाय धावण्याने अंग तापलेले असल्यामुळे पहिल्या सेटपासून सांधे मोकळे असतात.

या क्रमाला काही अपवाद आहेत. ज्याचे मुख्य ध्येय वेटलिफ्टिंग किंवा गोळाफेक आहे आणि स्प्रिंट केवळ पूरक व्यायाम म्हणून करायची आहे, त्याने वजने आधी घ्यावीत, आणि नंतर सपाटीवर पूर्ण वेगाने न धावता चढावर २० ते ३० मीटरच्या पाच-सहा धावा घ्याव्यात. चढावर वेग आपोआप मर्यादित राहतो आणि मागच्या मांडीवरचा ताण कमी होतो. अनुभवी धावपटू कधी एखाददुसरा जड सेट मारून सात-आठ मिनिटांच्या विश्रांतीनंतर स्टार्टचा सराव करतात, कारण त्याने स्नायू काही काळ अधिक चपळ होतात. ज्याला स्क्वॉट करून वर्षही झालेले नाही, त्याला त्या सेटचा थकवाच अधिक येतो, म्हणून नवशिक्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

दोन्हींमध्ये अंतर किती ठेवावे, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या नोकरी-कॉलेजवर अवलंबून आहे. सकाळी साडेसहाला ग्राउंड आणि दुपारी चार-पाचनंतर जिम, म्हणजे मध्ये सहा तासांहून अधिक अंतर, ही सर्वांत उत्तम सोय होय. तेवढ्यात दोनदा जेवण होते, थोडी झोप मिळते आणि वजनांना पुन्हा नीट जोर येतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी ग्राउंड संपल्यावर वीस ते तीस मिनिटांत केळे-पाणी घेऊन थेट जिम गाठावे आणि तिथे चाळीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये. दोन-तीन तासांचे अधांतरी अंतर मला सर्वांत गैरसोयीचे वाटते. अंग पूर्ण थंड होते, जेवण धड पचलेले नसते आणि विश्रांतीही पुरी झालेली नसते.

जड दिवसाचे ग्राउंड

पहाटे शरीराचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते, म्हणून सकाळच्या स्प्रिंटचा वॉर्मअप पंचवीस मिनिटांचा हवाच, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याहून थोडा अधिक. सहाशे ते आठशे मीटर संथ धाव, मग जागच्या जागी ताणून उभे राहण्याऐवजी हालचालींसह ताण, पाय पुढे-मागे झुलवणे, गुडघे उचलून चालणे आणि उड्या, आणि शेवटी ६० मीटरच्या तीन-चार चढत्या वेगाच्या धावा, हा क्रम ठेवावा. शेवटची धाव जवळजवळ पूर्ण वेगाची असावी आणि त्यानंतरच स्पाइक्स चढवावेत.

आठवड्यातल्या पहिल्या जड दिवशी, समजा सोमवारी, स्टार्ट आणि पहिले तीस मीटर घ्यावेत: २० मीटरच्या चार आणि ३० मीटरच्या चार धावा, म्हणजे एकूण २०० मीटर. एवढेच, असे वाटेल. पण या धावांमधली विश्रांती पाळली तर वॉर्मअप धरून पाऊण तास सहज जातो, आणि ती पाळणे हाच या दिवसाचा प्राण आहे. पूर्ण वेगाच्या धावण्याला लागणारी ऊर्जा स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेटच्या छोट्याशा साठ्यातून येते. हा साठा काही सेकंदांतच उतरणीला लागतो आणि बहुतांशी पुन्हा भरायला तीन ते पाच मिनिटे घेतो. प्रत्येक दहा मीटरला एक मिनिट, हा सोपा हिशेब ध्यानात ठेवावा: ३० मीटर धावल्यास तीन मिनिटे, ६० मीटर धावल्यास सहा मिनिटे. भरतीच्या बॅचमध्ये वीस-वीस मुले एकापाठोपाठ शंभर मीटरच्या दहा फेऱ्या मारताना दिसतात. त्यांना घाम भरपूर येतो आणि दमही वाढतो, परंतु तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर त्यांतली एकही धाव वेगाची नसते.

दुसऱ्या जड दिवशी, बुधवारी किंवा गुरुवारी, पूर्ण वेगाचा सराव असावा: २० मीटर सावकाश वेग वाढवत येऊन पुढचे २० ते ३० मीटर जीव तोडून, अशा चार धावा, आणि त्यानंतर ६० मीटरच्या दोन किंवा तीन.

कधी थांबायचे हे मनावर न सोडता घड्याळावर सोपवावे. माझ्याकडे सराव करणाऱ्या एका मुलीच्या वहीचे पान समोर आहे. ६० मीटरच्या वेळा तिने एकाखाली एक लिहिल्या आहेत: ९.१, ९.०, ९.१, ९.४. चौथ्या आकड्यापुढे रेघ मारून तिने ‘बस’ असे लिहिले आहे, आणि तिथे तिचे त्या दिवशीचे ग्राउंड संपले आहे, जरी तिच्या वेळापत्रकात सहा धावा होत्या. सर्वोत्तम वेळेपेक्षा वेळ सुमारे तीन टक्क्यांनी घसरली की वेगाचा सराव संपला, असा नियम आम्ही ठेवला आहे. नऊ सेकंदांच्या धावेत तीन टक्के म्हणजे अडीच दशांशांहून काहीसे जास्त, सुमारे ०.२७ सेकंद. हातातल्या स्टॉपवॉचने मोजताना बोट मागे-पुढे होऊन एक-दोन दशांशांची चूक सहज होते, म्हणून तीस मीटरसारख्या छोट्या अंतरासाठी मोबाइलवर चित्रण करून पाहणे अधिक भरवशाचे. सेकंदाला साठ चौकटी टिपणारा साधा कॅमेराही या कामाला पुरतो.

त्याच दिवसाची वजने

जिममध्ये व्यायामप्रकार थोडे असावेत. सोमवारी, जेव्हा सकाळी स्टार्टचा सराव झालेला असतो, तेव्हा स्क्वॉट जड घ्यावा, कारण सुरुवातीच्या पावलांना आणि स्क्वॉटला एकाच जातीची ताकद लागते: गुडघा आणि नितंब वाकलेल्या स्थितीतून जमिनीला ढकलण्याची. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८० ते ८५ टक्के वजनावर तीन ते पाच रेपचे (एक रेप म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणे) तीन-चार सेट पुरेत, आणि दोन सेटमध्ये तीन मिनिटे बसावे. प्रत्येक सेटमध्ये आणखी एक-दोन रेप निघाले असते अशा अवस्थेतच बार रॅकवर ठेवावा. शेवटचा रेप थरथरत, मित्राने मागून उचलून दिल्यावर पुरा होत असेल तर त्याचे भाडे बुधवारच्या धावण्यातून वसूल होते. स्क्वॉटनंतर बेंच प्रेस किंवा पुलअप्सचे तीन सेट, आणि शेवटी नॉर्डिक व्यायामाचे दोन सेट चार-चार रेपचे: गुडघ्यांवर बसून, टाचा कुणीतरी दाबून धरलेल्या, आणि धड शक्य तितक्या सावकाश पुढे झुकवत नेणे. मागच्या मांडीच्या दुखापती कमी करण्यासाठी हा व्यायाम नियमित केल्याने चांगला उपयोग होतो, हे फुटबॉलपटूंवरच्या अनेक अभ्यासांतून दिसून आलेले आहे, आणि त्याला कोणतीही मशीन लागत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत त्याने मांड्या चांगल्याच धरतात, म्हणून सुरुवात एका सेटने करावी.

पूर्ण वेगाच्या दिवशी मात्र मागच्या मांडीने सकाळीच भरपूर सोसलेले असते. त्या संध्याकाळी जड डेडलिफ्ट टाळावी. त्याऐवजी मध्यम वजनाचा, झपकन वर येणारा स्क्वॉट किंवा नीट शिकून घेतलेली पॉवर क्लीन (बार जमिनीवरून एका झटक्यात खांद्यांपर्यंत उचलणे), खांद्यांचा एखादा व्यायाम आणि पोटरीचे दोन सेट घेऊन घरी जावे. पॉवर क्लीन शिकवायला जाणते कुणी नसेल तर ती नाही केली म्हणून काही बिघडत नाही. तिच्याऐवजी जागच्या लांब उड्या चार-पाच घेतल्या तरी चालते.

सोळा वर्षांखालच्या मुलांनी आणि व्यायामाला नुकतीच सुरुवात केलेल्यांनी आठवड्यात दोनच जड दिवस ठेवावेत आणि वजनांच्या जागी आधी बैठका, जोर, पुलअप्स यांत पारंगत व्हावे.

हलका दिवस, आणि १६०० मीटरचा प्रश्न

मंगळवारचा हलका दिवस पाळणे हे माझ्या मते सर्वांत अवघड काम आहे, कारण त्या दिवशी काहीच केले नाही असे वाटते. गवतावर किंवा मऊ मातीवर १०० मीटरच्या आठ-दहा धावा, पूर्ण वेगाच्या सुमारे ७० ते ७५ टक्क्यांनी, मध्ये चालत परत येण्याइतकी विश्रांती. ज्याची शंभर मीटरची वेळ १३ सेकंद आहे त्याने या धावा १८ सेकंदांच्या आसपास माराव्यात. सोबत पोटाचे व्यायाम आणि नितंब-घोट्यांची लवचिकता. तोंडाने बोलता येईल इतपतच धाप लागावी. मध्येच कुणी शर्यत लावली तर नम्रपणे नाही म्हणावे.

भरतीच्या मुलांना इथे १६०० मीटरची अडचण येते. ताकद आणि दीर्घ दमाचे व्यायाम एकत्र केल्यास ताकदीची वाढ मंदावते, हे रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली प्रयोगाने दाखवले होते. छोट्या स्प्रिंटमुळे हा अडथळा तितकासा येत नाही. रोजच्या पाच-सहा किलोमीटरच्या रपेटीमुळे तो येऊ शकतो. १६०० मीटर वगळता येत नाही, म्हणून त्याला आठवड्यात नेमकी जागा द्यावी. ४०० मीटरच्या चार-पाच जोरदार फेऱ्यांचा दिवस हासुद्धा जड दिवसच असतो, हे मान्य करून तो शनिवारी तिसरा जड दिवस म्हणून ठेवावा आणि त्या संध्याकाळी जिममध्ये केवळ वरच्या अंगाचे व आवश्यक असल्यास गोळाफेकीचे काम करावे. हलक्या दिवसांपैकी एका दिवशी १०० मीटरच्या धावांऐवजी वीस-पंचवीस मिनिटांची संथ धाव घ्यावी. रविवारी पूर्ण विश्रांती. असे लावल्यास सोमवारी स्टार्ट आणि जड स्क्वॉट, मंगळवारी हलके, गुरुवारी पूर्ण वेग आणि चपळ वजने, शनिवारी ४०० च्या फेऱ्या, आणि मधले बुधवार-शुक्रवार हलके, अशी सोपी चौकट तयार होते. शंभर मीटरच्याच खेळाडूने शनिवारी त्याजागी १२० मीटरच्या तीन धावा आठ-दहा मिनिटांच्या विश्रांतीने घ्याव्यात.

दोन सत्रांमधले जेवण

सकाळी निघताना एक केळे किंवा दोन खजूर पुरतात. ग्राउंडवरून आल्यावर नुसत्या पोह्यांवर भागवू नये, कारण त्यांत प्रथिने फार थोडी असतात. सोबत अंडी, मटकीची उसळ, पनीर किंवा दूध असावे. दुपारी भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, उसळ, ताक, आणि जिमच्या तासभर आधी गूळ-फुटाणे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने मिळावीत. ६५ किलोच्या खेळाडूला म्हणजे जवळपास १०५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, यावरून आपल्या ताटाचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. दोन सत्रांच्या दिवशी आठ तासांची झोप मिळाली नाही तर संध्याकाळची वजने कमी करावीत.

उपवासाचा विचार वेळापत्रक लावतानाच व्हावा. श्रावणातले सोमवार, शनिवार किंवा चतुर्थी पाळणाऱ्यांनी जड दिवस त्या वारांवरून सरळ बाजूला सरकवावा. साबुदाण्याची खिचडी खाऊन जड स्क्वॉट करता येतो, पण त्यानंतर स्नायू भरून यायला जे लागते ते खिचडीत नसते. जड दिवस मंगळवारी नेला तर बाकीचे वारही त्याच हिशेबाने पुढे सरकवावेत, कारण दोन जड दिवसांमध्ये एक हलका दिवस असणे वारांपेक्षा महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात मातीचे ग्राउंड निसरडे झाले तर पूर्ण वेगाने धावू नये. त्या दिवशी वजने नेहमीप्रमाणे घ्यावीत आणि धावणे माती सुकेपर्यंत थांबवावे. कर्ज फेडल्यासारखे ते दुसऱ्या दिवशी भरून काढू नये.

चाचणीच्या आधीचे दहा दिवस

शेवटचा जड स्क्वॉट चाचणीच्या सात ते दहा दिवस आधी व्हावा. त्यानंतर जिममध्ये एक-दोनदाच जावे, वजन ठेवले तरी सेट निम्मे करावेत, आणि मागच्या मांडीचा कोणताही नवा व्यायाम या काळात सुरू करू नये. धावणे पूर्ण बंद करू नये. तीन-चार दिवस आधी ३० मीटरच्या चार आणि ६० मीटरची एक धाव पूर्ण वेगाने घ्यावी, आणि आदल्या दिवशी वॉर्मअप आणि दोन चढत्या वेगाच्या धावा एवढेच करावे. या दिवसांत पायांत न वापरलेला जोर साठल्यासारखे वाटते, अस्वस्थ होते, आणि संध्याकाळी जिमकडे पावले वळतात. त्या संध्याकाळी घरच्यांबरोबर जेवून, पिशवीत स्पाइक्स, ओळखपत्र आणि पाण्याची बाटली भरून, दहाच्या आत झोपावे.